साधनशुचिता आणि ३-५-२

अर्जेंटिनात फुटबॉलची गप्पा रंगली की कधी ना कधी एक प्रश्न येतोच: तू मेनोत्तीवाला की बिलार्दोवाला? त्याच्यापुढे मेस्सी की मॅराडोना हा प्रश्न अगदीच पोरकट. तो आवडीनिवडीचा आहे. हा मात्र समोरचा माणूस कसा आहे, हे तपासून बघायचा प्रश्न समजला जातो. आपल्याकडे टिळक-आगरकर वादाला जे वजन होतं, 'आधी काय' यावरून जिवलग मित्र तुटावेत इतकं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथला वाद वरवर पाहता मागे चार बचावपटू ठेवायचे की तीन, इतकाच आहे.

वर्ल्डकपच्या महिन्यात कोल्हापुरात अर्जेंटिनाचे फलक लागतात, रात्री जागवल्या जातात. पण आपण ज्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर जीव टाकतो, त्यांच्या आत गेली पन्नास वर्षं हे भांडण चालू आहे, हे आपल्यापर्यंत फारसं पोचत नाही. पोचायला हवं, कारण ते फुटबॉलपुरतं नाही. जिंकण्याची 'पद्धत' चांगली किंवा वाईट असू शकते का? की पद्धत ही फक्त पद्धत असते, आणि चांगलं-वाईट ठरतं ते दुसरीकडेच कुठेतरी?

आधी माणसं. सेसार लुईस मेनोत्ती हा रोसारियोचा. किडकिडीत, लांब केसांचा, बोटांत कायम सिगारेट, विचारांनी डावा. १९७३ मध्ये त्याने उराकान नावाच्या क्लबला लीग जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघ त्याच्या हातात आला. कार्लोस बिलार्दो हा शिक्षणाने डॉक्टर, तोही स्त्रीरोगतज्ज्ञ. खेळाडू म्हणून तो ला प्लाता शहरातल्या एस्तुदियान्तेसचा. या संघाने १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षं दक्षिण अमेरिकेचं क्लब विजेतेपद पटकावलं, आणि ते कसं पटकावलं याबद्दल कोणी फार प्रेमाने बोलत नाही. वेळकाढूपणा, डिवचणं, लाथा. १९६९ मध्ये मिलानविरुद्धच्या सामन्यात त्यांनी इतकी मारामारी केली की संघातल्या तिघांना तुरुंगात जावं लागलं. तुरुंगात टाकणारं सरकार लष्करी हुकूमशाहीचं होतं, हा भाग आणखी मजेशीर. हुकूमशहांनाही खिलाडूवृत्ती हवी असते, फक्त मैदानावर.

या दोघांच्या भांडणाची मुळं १९५८ मध्ये आहेत. तोवर अर्जेंटिनाची समजूत अशी होती की फुटबॉल आपल्या रक्तात आहे: छोटे पास, ड्रिबल, समोरच्याला मामा बनवून हसत पुढे जाणं. 'आपला खेळ' असंच त्याला म्हणत. मग स्वीडनमधल्या वर्ल्डकपमध्ये चेकोस्लोव्हाकियाने त्यांना ६-१ असं धुतलं. देश हादरला. आपला खेळ म्हणजे आळशी लोकांची हौस, जगात टिकायचं तर पळा, अडवा, मारा, असा निष्कर्ष निघाला. एस्तुदियान्तेस त्या निष्कर्षाचं टोक होतं, तर मेनोत्ती त्याविरुद्धचं बंड.

मेनोत्तीने या बंडाला तत्त्वज्ञान दिलं. तो डाव्या फुटबॉलबद्दल आणि उजव्या फुटबॉलबद्दल बोलायचा. उजवा फुटबॉल सांगतो की आयुष्य म्हणजे लढाई, त्याग करा, सहन करा, काहीही करून जिंका. डावा फुटबॉल माणसाच्या बुद्धीवर आणि आनंदावर विश्वास ठेवतो. आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, साधनशुचिता. ध्येय कितीही मोठं असो, साधन स्वच्छ हवं. मेनोत्तीच्या मते खेळाची शैली हेच ते साधन. म्हणून ती सुंदर हवी, आणि सुंदर असेल तर ती नैतिकही असते.

हे ऐकायला फार छान वाटतं. पण मग १९७८ येतं.

२४ मार्च १९७६ रोजी जनरल विदेला आणि त्याच्या साथीदारांनी सत्ता बळकावली. पुढच्या सात वर्षांत किती माणसं 'बेपत्ता' झाली? लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने जवळजवळ ९ हजार जणांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३० हजार म्हणतात. सगळ्यांत कुप्रसिद्ध छळछावणी होती नौदलाच्या मेकॅनिक शाळेत, जिला एस्मा म्हणतात. ब्युनोस आयर्समध्ये जिथे १९७८ ची फायनल झाली ते मोन्युमेंताल स्टेडियम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोल झाल्याचा आवाज कैद्यांना ऐकू जायचा.

मेनोत्तीचा संघ ४-३-३ खेळत होता. दोन्ही कडांना बेर्तोनी आणि ओर्तिस, मध्ये लुके, मागून चेंडू घेऊन निघणारा आर्दिलेस आणि त्याच्या बाजूने उशिरा, पण नेमका गोलपाशी पोचणारा केम्पेस. केम्पेस त्या संघातला परदेशात खेळणारा एकमेव खेळाडू होता. १७ वर्षांच्या मॅराडोनाला मेनोत्तीने संघाबाहेर ठेवलं होतं. २५ जूनला नेदरलँड्सला जादा वेळेत ३-१ हरवून अर्जेंटिना पहिल्यांदा जगज्जेता झाला. केम्पेसचे दोन, बेर्तोनीचा एक. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटी रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागला नसता तर इतिहास वेगळा असता. चषक दिला विदेलाने.

त्या रात्रीचा एक प्रसंग एस्मातून वाचलेल्या एका स्त्रीने पुढे सांगितला आहे. छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिला आणि आणखी काही कैद्यांना गाडीत बसवून शहरातला जल्लोष दाखवायला नेलं. रस्ते माणसांनी तुडुंब भरलेले. गाडीच्या छतातून डोकं बाहेर काढून ती बघत होती आणि तिच्या मनात आलं, आत्ता मी ओरडून सांगितलं की मी बेपत्ता लोकांपैकी एक आहे, तरी कोणीही लक्ष देणार नाही. ती रडली.

मेनोत्ती पुढे म्हणत राहिला की आम्ही सेनापतींसाठी खेळलो नाही, स्टँडमधल्या लोकांसाठी खेळलो. मला ते खोटं वाटत नाही. १९८० मध्ये बेपत्ता लोकांची यादी जाहीर करा, अशी मागणी करणारं जे निवेदन वृत्तपत्रात छापलं गेलं, त्यावर त्याची सही होती. त्या काळात अशी सही करायला हिंमत लागत होती. त्याने राजीनामा द्यायला हवा होता का, हे पन्नास वर्षांनंतर मोबाईलवर टाईप करत ठरवणं फार सोपं आहे, म्हणून मी ते ठरवत नाही. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. समजा तो संघ घाणेरडा, रटाळ, बचावात्मक खेळून १-० ने जिंकला असता, तर एस्माच्या भिंतींआड ऐकू येणारा आवाज वेगळा आला असता का? ४-३-३ तिथल्या कोणाच्याही उपयोगी पडलं नाही. उलट सौंदर्याने पडद्याचं काम जास्त चांगलं केलं.

शिवाय मेनोत्तीचं साधनही तितकं शुचि नव्हतंच. फायनलला यजमान संघ मुद्दाम उशिरा मैदानावर आला. डच खेळाडूंना हजारोंच्या आरड्याओरड्यात ताटकळत उभं केलं. मग रेने फान दे केर्कहोफच्या मनगटाच्या प्लास्टरवर आक्षेप घेतला, जे प्लास्टर घालून तो आधीचे सामने खेळला होता. हे डावपेच एस्तुदियान्तेसच्या शाळेत शोभले असते. पेरूविरुद्ध चार गोलच्या फरकाची गरज असताना मिळालेल्या ६-० विजयाबद्दलचा संशय तर आजही जात नाही, जरी सिद्ध काही झालेलं नाही.

आता बिलार्दो. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण त्याने जे केलं ते इंजिनिअरला आवडेल असं आहे.

ऐंशीच्या दशकात बहुतेक संघ दोन स्ट्रायकर घेऊन खेळू लागले होते. कडेला चिकटून राहणारे विंगर जवळजवळ संपले होते. बिलार्दोने साधा हिशोब केला. समोर दोन स्ट्रायकर असतील तर त्यांना धरायला दोन माणसं पुरेत, आणि चुकून कोणी निसटलं तर सावरायला मागे एक. झाले तीन. मग चौथा बचावपटू मागे काय करतोय? ज्याला धरायचं तो विंगरच मैदानावर नाही! तर दोन्ही फुलबॅक पुढे ढकला आणि मध्यफळीत पाच माणसं करा. ३-५-२. आज ही रचना शाळकरी पोरंही मोबाईल गेममध्ये लावतात. तेव्हा ती विक्षिप्त वाटली होती. १९८४ च्या युरोप दौऱ्यात त्याने ती वापरून पाहिली, जिंकला, आणि मग झाकून ठेवली.

१९८६ च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये ती पूर्ण रूपात बाहेर आली इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात. आधीच्या फेरीत उरुग्वेविरुद्ध विजयी गोल करणाऱ्या स्ट्रायकर पास्कुलीला बिलार्दोने चक्क बसवलं आणि त्याच्या जागी एन्रिके हा मिडफिल्डर घेतला. पुढे एकटा वाल्दानो, त्याच्यामागे मोकळा मॅराडोना, आणि मॅराडोनाला मोकळं ठेवण्यासाठी राबणारे बाकीचे सगळे. त्या सामन्यात मॅराडोनाने हाताने गोल केला. चारच मिनिटांनी त्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू घेतला आणि निम्मा इंग्लंड संघ मागे टाकत तो गोल केला, जो आजही सर्वोत्तम समजला जातो. त्याला तो पास दिला होता एन्रिकेने.

म्हणजे बघा. 'आपला खेळ' म्हणून मेनोत्तीने आयुष्यभर ज्याची स्वप्नं रंगवली, त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण बिलार्दोच्या संघात घडलं. एका कोरड्या हिशोबाने मोकळी करून दिलेल्या जागेत घडलं. आणि त्या वेळी अर्जेंटिनात लोकशाही होती. वाल्दानो स्वतः डाव्या विचारांचा, मनाने मेनोत्तीच्या बाजूचा. पण बिलार्दोच्या संघात तो घाम गाळत मागे पळायचा, आणि फायनलमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध त्याने गोलही केला. ३-२. बिलार्दो मात्र जगज्जेता झाल्यावरही कुरकुरत होता, म्हणे: जर्मनीचे दोन्ही गोल कॉर्नरवरून कसे झाले? या माणसाचा मला राग यायला हवा, पण अशा ठिकाणी तो मला घरचाच वाटतो. रिलीज यशस्वी झाल्यावर केक कापला जात असताना लॉगमधल्या दोन वॉर्निंग्जकडे बघत बसणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो.

तर मग बिलार्दो बरोबर? शैली म्हणजे नुसतं गणित, आणि बाकी सगळी कविता?

१९९० चा संघ बघू. सात सामन्यांत पाच गोल. रटाळ, रडका, पेनल्टी शूटआउटवर जगणारा संघ. फायनलमध्ये त्यांच्या दोघांना रेड कार्ड मिळालं. वर्ल्डकप फायनलमधली ती पहिलीच रेड कार्डं. पण कंटाळवाणं खेळणं हा गुन्हा नव्हे. ज्याच्याकडे जखमी मॅराडोना आणि थकलेले दहा जण आहेत, त्याने बचाव करावा, त्यात अनैतिक काहीच नाही. खुपते ती दुसरी गोष्ट. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात ब्राझीलचा ब्रांको पाणी प्यायला, अर्जेंटिनाच्या बाकावरून आलेल्या बाटलीतून. नंतर त्याने सांगितलं की ते पिऊन त्याला गरगरायला लागलं. बऱ्याच वर्षांनी मॅराडोनाने टीव्हीवर हसत हसत त्या पाण्यात गुंगीचं औषध असल्याचं सांगून टाकलं. रीतसर सिद्ध कधीच काही झालं नाही.

आणि १९९३, स्पेन. बिलार्दो तेव्हा सेव्हियाचा प्रशिक्षक होता. देपोर्तिवोविरुद्धच्या सामन्यात मॅराडोनाशी टक्कर होऊन समोरच्या संघाचा खेळाडू रक्तबंबाळ झाला. सेव्हियाचा फिजिओ धावत गेला आणि माणुसकीने आधी त्या जखमी खेळाडूकडे वळला. कॅमेऱ्याने बिलार्दोला टिपलं, तो पिसाळून ओरडत होता: आपले लाल शर्टवाले आहेत, त्याचं काय करतोस, तुडव त्याला. हे बोलणारा माणूस डॉक्टर होता, हे विसरता येत नाही.

माझ्यापुरता मुद्दा इथे सुटतो. फुटबॉल हा फसवण्याचाच खेळ आहे. ड्रिबल म्हणजे काय? शरीराने बोललेलं खोटं. डावीकडे जातो असं दाखवायचं आणि उजवीकडे जायचं. ३-५-२ लपवून ठेवून ऐन वेळी काढणं हेही तेच. यात कोणाचा विश्वासघात होत नाही, कारण समोरच्यालाही माहीत असतं की इथे खोटं बोललं जाणार आहे. तोही बोलणार आहे. पण ब्रांकोने बाटली हातात घेतली तेव्हा तो ब्राझीलचा डावा बचावपटू नव्हता. तो तहानलेला माणूस होता. देपोर्तिवोचा तो खेळाडू जमिनीवर पडला तेव्हा तो प्रतिस्पर्धी राहिला नव्हता, त्याच्या चेहऱ्यावरून रक्त येत होतं. खेळाची परवानगी जिथे संपते तिथेही खेळ चालू ठेवणं, हा बिलार्दोचा दोष. मागे तीन ठेवणं हा नव्हे.

मेनोत्तीने नीती शैलीत नेऊन ठेवली, तिथे ती नव्हती. बिलार्दोने तिथे ती सापडत नाही हे ओळखलं, आणि म्हणून ती कुठेच नाही असं धरून चालला. गंमत म्हणजे साधनशुचितेचा शब्द दोघांनाही लागू पडतो, फक्त साधन कोणतं हे नीट विचारायला हवं. फॉर्मेशन हे साधन म्हणून फारच निरुपद्रवी आहे. तुम्ही ज्याला साधन म्हणून वापरता तो जर माणूस असेल, तर मात्र मामला गंभीर.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. एखाद्या ॲपचं सबस्क्रिप्शन बंद करायला जा. 'रद्द करा' हे बटण फिक्या राखाडी रंगात, चौथ्या स्क्रीनच्या तळाशी, आणि त्याच्यावर भलं मोठं रंगीत 'नको, राहू दे'. या स्क्रीनमागचा कोड बहुधा अतिशय देखणा असतो. नावं नीट, टेस्ट पूर्ण, रिव्ह्यूमध्ये कौतुक. उलट कुठल्यातरी ऑफिसात दहा वर्षांपूर्वीची एक एक्सेल मॅक्रो असते, उघडून बघवत नाही, पण तिच्यावर शंभर जणांचे पगार वेळेवर होतात. सुंदर कोड लिहिणाऱ्यांना आपण काहीतरी नैतिक करत आहोत असं वाटत असतं. मलाही वाटतं. ती भावना खोटी नाही, पण ती कारागिराची भावना आहे, आणि तिला चांगुलपणाचं सर्टिफिकेट समजलं की पुढे काय बनतंय हे बघायची गरज उरत नाही.

तरी मेनोत्तीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. सवयी लागतात. 'निकाल सोडून बाकी सगळं फालतू' हे वाक्य एखाद्या टीमला वर्षभर ऐकवलं, की बाटली पुढे करणारा हात थरथरत नाही. शैली आणि वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यांच्यामध्ये उतार आहे, भिंत नाही. बिलार्दोकडे तोल सांभाळणारं दुसरं काही नव्हतं. मेनोत्तीकडे निदान एक कल्पना होती की आपण कोणासाठी तरी खेळतो.

२०२२ मध्ये कतारला लिओनेल स्कालोनीने हे सगळं भांडण जणू ऐकलंच नाही. सौदी अरेबियाशी हरल्यावर त्याने संघ बदलला आणि बदलतच राहिला. नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच, क्रोएशियाविरुद्ध मध्यफळीत चार, फ्रान्सविरुद्ध फायनलला ४-३-३ आणि डावीकडे डी मारिया, जिथे त्याला कोणीच अपेक्षित धरलं नव्हतं. सोबतीला त्याच्या स्टाफमध्ये ऐमारसारखा कलावंत होता, तसे सामुएल आणि आयाला हे कडवे बचावपटूही. आणि या सगळ्या काळात अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघांचा संचालक कोण होता? मेनोत्ती. २०१९ पासून. म्हातारा मेनोत्ती, पाच जणांचा बचाव लावणाऱ्या संघाचा कागदोपत्री वरिष्ठ. मे २०२४ मध्ये तो गेला.

भांडण मात्र संपलेलं नाही, आणि माझी कसोटीही सगळीकडे लागू होते असं नाही. त्याच फायनलचं शूटआउट. फ्रान्सचा २२ वर्षांचा चुआमेनी तिसरी पेनल्टी घ्यायला आला. गोलकीपर एमिलियानो मार्तिनेसच्या हातात चेंडू होता. तो त्याने चुआमेनीला न देता बाजूला भिरकावला. चुआमेनी वाकला, चेंडू उचलून आणला, ठेवला, आणि बाहेर मारला. मार्तिनेसने जे केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं, पाण्यात काही मिसळलं नाही. हे ड्रिबलसारखंच खोटं होतं की बाटलीसारखं? भीती ही पेनल्टीचाच भाग असते, असं माझा मित्र म्हणतो. तहानही खेळाचाच भाग असते, असं मी म्हणतो, आणि आम्ही तिथेच अडकतो. पुढच्या वर्षी नियम बदलला: गोलकीपरने पेनल्टी घेणाऱ्याचं लक्ष अन्याय्य पद्धतीने विचलित करायचं नाही, किक लांबवायची नाही. मी तो व्हिडिओ अजून अधूनमधून लावतो. मार्तिनेसचं नाचणं सगळे बघतात; मी चेंडू आणायला निघालेल्या चुआमेनीची पाठ बघतो, तो तिथून आठ-दहा पावलं चालतो.